टाकीत पट्ट्या कोणी बसवल्या?

काका बसायचे नाहीत. म्हणजे जेवायला बसत, बसमध्ये कोणी उठून जागा दिली तर तिचा मान राखायला बसत. पण बसले तरी कडेला, दोन्ही तळहात गुडघ्यांवर, आता कोणीतरी हाक मारणार आणि आपल्याला उठायचंय अशा बेताने. नितीनच्या दिवाणखान्यातल्या त्या भल्यामोठ्या करड्या सोफ्यात आम्ही बाकीचे रविवारी दुपारी बुडून जायचो. काका दोन वर्षांत त्याच्या पुढच्या चार बोटांपलीकडे कधी सरकले नाहीत. "काका, जरा आरामात बसा ना," असं कोणी म्हटलं की ते उभेच राहायचे. "आराम कशापायी? मी काय दमलोय व्हय?"

नितीन माझा शेजारी. आयर्लंडमध्ये, ब्लँचर्डस्टाउनला आमची घरं भिंतीला भिंत लावून, आणि दोघांची ऑफिसंही सँट्रीला, त्यामुळे जाणंयेणं एकत्र. काका त्याचे वडील. कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यात छत्तीस वर्षं फिटर, शेवटी मिस्त्री. काकू गेल्यावर नितीन त्यांना इकडे घेऊन आला. तिथे ते एकटे काय करणार, हा त्याचा प्रश्न होता. इथे ते काय करणार, हा प्रश्न कोणाला सुचला नव्हता. सकाळी आठला घर रिकामं व्हायचं. नात शाळेतून आली की आजोबांचं मराठी तिला कळायचं, पण उत्तर ती इथल्या हेलाच्या इंग्रजीत द्यायची आणि ते काकांना कळायचं नाही. दोघं एकमेकांकडे बघून हसायची, मग ती वर आपल्या खोलीत निघून जायची.

मग काका ठोकत फिरायचे. रेडिएटर, जिन्याचा कठडा, बसचा खांब, दाराची चौकट, दिसेल त्या वस्तूवर बोटाचं पेर मारायचं आणि मान तिरकी करून ऐकायचं. "आवाज बद्द आला की समजायचं, आत कायतरी तुटलंय," हे त्यांचं शास्त्र. माझ्या घरातला बॉयलर त्यांनी एकदाच ठोकला आणि कीव आल्यासारखी मान हलवली. "ह्याला बॉयलर म्हणत्यात? ह्यात चहाचं आधण तरी ठेवता येईल का?" त्याच दिवशी त्यांनी माझ्या स्वयंपाकघरातल्या एका टाइलवर खडूने फुली मारली. ही सुटणार, म्हणाले. ती पुढच्या महिन्यात सुटली. मी ती त्यांना न सांगता गुपचूप चिकटवून टाकली. का, ते मला आजही सांगता येणार नाही. तो माझा स्वभावच आहे.

चूक झाली तर त्यांना लाज नसायची. आल्या आल्या पहिल्याच आठवड्यात सुनेने सांगितलं, "बाबा, टॉवेल हॉट प्रेसमध्ये आहेत." आयर्लंडमध्ये कपाटाला प्रेस म्हणतात आणि गरम पाण्याच्या टाकीशेजारच्या उबदार कपाटाला हॉट प्रेस. काकांच्या लेखी हॉट प्रेस म्हणजे पत्रा दाबायचं मशीन. ते बाह्या सरसावून वर गेले, कपाट उघडलं, आत टॉवेलच टॉवेल. ही गोष्ट पुढे येईल त्या प्रत्येकाला त्यांनी स्वतः सांगितली, आणि दर वेळी स्वतःच आधी हसले. म्हणूनच पुढे मी जे केलं त्याला मला सबब सापडत नाही. हा माणूस चूक ऐकून मोडणारा नव्हता.

त्यांना इंजिन सापडलं ते पावसामुळे. एका रविवारी नितीन आम्हा सगळ्यांना पश्चिमेकडे फिरायला घेऊन निघाला, पाऊस लागला, आणि लेकीला कुठेतरी छपराखाली न्यायचं म्हणून रस्त्यावर पाटी दिसली त्या जुन्या रेल्वे शेडमध्ये आम्ही शिरलो. हौशी लोकांनी चालवलेली शेड. आत अरुंद रुळांवर एकुलतं एक इंजिन, तेही अर्धं सोललेलं. टँक इंजिन. म्हणजे मागे कोळशापाण्याचा वेगळा डबा नाही. पाण्याच्या टाक्या बॉयलरच्या दोन्ही अंगांना, कोळसाही स्वतःच्याच पाठीशी. "आपलं पाणी आपणच वागवतंय," काका म्हणाले, आणि पाच मिनिटांनी ते कुठे दिसेनात. शोधलं तर इंजिनाखाली होते. शेडची प्रमुख ऑर्ला ओरडत धावत आली: हेल्मेट नाही, जॅकेट नाही, विमा नाही! काकांनी खालून फक्त हात बाहेर काढला. "हॅमर," म्हणाले. तिने का कोण जाणे, दिला.

बॉयलरच्या आत दोन पत्रे एकमेकांना धरून ठेवायला लोखंडी दांडे असतात. त्यांना स्टे म्हणतात. ते आत तुटले तर बाहेरून दिसत नाहीत, पण हातोडी मारली की कळतं. काकांनी त्या दिवशी तीन दांड्यांवर फुल्या मारल्या. ऑर्लाची माणसं दोन आठवड्यांनी तिथपर्यंत पोहोचली तेव्हा तिन्ही तुटलेले निघाले. तिसऱ्या आठवड्यात काकांच्या मापाचे सेफ्टी बूट शेडमध्ये आणून ठेवले होते. त्यानंतर दर शनिवारी सकाळी बसने मेनूथ, तिथून पश्चिमेकडची गाडी, मग स्टेशनवर ऑर्लाची व्हॅन. "बाबा, थंडी आहे, असू दे आज," नितीन म्हणायचा. बाबा तोवर कोपऱ्यावर पोहोचलेले असायचे.

नावं आपल्या वळणाला आणून ठेवायची त्यांना खोड होती. ऑर्लाची ओर्लाबाई झाली. शेडमध्ये अधूनमधून एक जुना ड्रायव्हर यायचा, नव्वदी ओलांडलेला, गावातल्याच वृद्धाश्रमात राहणारा जॉन-जो. हे इंजिन जिच्यावर धावायचं ती लाईन बंद पडण्याआधी तो तिथे नोकरीला होता. आता तिथला जिवंत माणूस तोच एक. काकांनी त्याला पहिल्याच भेटीत जानोजी करून टाकलं. एकाला मराठी नाही, दुसऱ्याला जेमतेम कारखान्यातलं इंग्रजी, त्यात जानोजी कानाने अधू. तरी दोघं तास तास बोलायचे. पिस्टन, ग्लँड, व्हॉल्व्ह, इंजेक्टर ही नावं दोघांची एकच होती, आणि मधलं हातवाऱ्यांनी भरून निघायचं. घरी महिनाभरात बोलले नसतील इतकं काका त्या शेडमध्ये एका दुपारी बोलायचे.

या जातीची सात इंजिनं होती. दलदलीतून जाणाऱ्या एका छोट्या लाईनीसाठी एकाच नकाशावरून बनवलेल्या सात बहिणी. दिसायला सुबक, पण चालायला लागल्या की डोलायच्या. टाकी अर्धी रिकामी झाली की वळणावर आतलं पाणी एकदम एका अंगाला जायचं आणि इंजिन कमरेत लचकायचं. ड्रायव्हर घाबरायचे. दोन वेळा तर रूळ सोडता सोडता वाचल्या. मग कोणीतरी एकीच्या टाकीत आडव्या पट्ट्या बसवल्या, पाण्याची धाव अडली, डोलणं थांबलं. पाठोपाठ बाकीच्या सहाही तशाच केल्या. त्या पट्ट्यांवर ही जात पुढे लाईन बंद होईपर्यंत बिनबोभाट धावली. नंतर सहा भंगारात गेल्या. सातवी एका दगडाच्या खाणीला विकली होती, म्हणून विसरली गेली आणि वाचली. तीच ही शेडमधली.

हा सगळा इतिहास एका पातळ पुस्तिकेत छापलेला होता. मी तो काकांना मराठीत वाचून दाखवला. पट्ट्यांच्या जागी लिहिलं होतं, टाक्यांमध्ये आवश्यक ती सुधारणा करण्यात आली. काका खोलीत येरझारा घालत होते ते थांबले.

"परत वाच."

"सुधारणा करण्यात आली."

"करण्यात आली म्हंजी कुणी केली? पट्टी काय चालत येऊन टाकीत बसली? कुणीतरी त्या भोकातनं आत उतरलं असंल. अंधारात, वाकून, रिबिटं मारली असतील. कान फाटलं असतील त्याचं. त्याला नाव न्हाई?"

त्यांच्या छत्तीस वर्षांत किती गोष्टी "करण्यात आल्या" असतील, ते त्यांनी सांगितलं नाही. पण दुसऱ्या दिवशी शॉपिंग सेंटरमधून ते एक जाड रजिस्टर घेऊन आले आणि पहिल्या पानावर लिहिलं, 'सात इंजिनांची हकीगत'. ऑर्लाच्या लोकांचा उन्हाळ्यात एक मेळावा असायचा. तिथे ही हकीगत वाचायची असं ठरलं. काका मराठीत लिहिणार, मी इंग्रजी करणार. मी सॉफ्टवेअर तपासणारी बाई, इतरांच्या चुका शोधून नोंदवणं हाच माझा धंदा. काकांना तो फार पसंत होता. कारखान्यात रिपेअर बुक असायचं, म्हणाले. ड्रायव्हर इंजिन आणून लावायचा आणि पहिल्यांदा त्या वहीत बिघाड लिहायचा. काय बिघडलंय, कुणी पाहिलं, कधी सांगितलं. "बिघाड झाला तर कुणी बोलायचं न्हाई. बुक केला न्हाई, तर मात्र साहेबाच्या आधी आम्हीच त्याला धरायचो."

ईस्टरनंतरच्या शनिवारी ते परत आले तेव्हा दार वाजवण्याऐवजी त्यांनी माझ्या खिडकीची काच ठोकली. आत आले ते बूट न काढताच. चेहरा इतका उजळलेला मी कधी पाहिला नव्हता.

"मुग्धा, आपला मानूस हुता गं!"

"कुठे?"

"हिथल्या लाईनीच्या कारखान्यात. पट्ट्या बसवणारा. जानोजी म्हनला. तवा तो नवीन लागला हुता, त्यानं डोळ्यानं बघितलंय. युअर मॅन म्हनला. तुमचा मानूस. छोटा, काळा. आन् बोलायचा न्हाई कुनाशी." त्यांचा आवाज जरा घसरला. "भाषा येत नसंल. बोलंल कसा?"

त्यांनी फोनवर रेकॉर्ड केलं होतं. नितीननेच शिकवलं होतं. ते मला ऐकवलं. जॉन-जोचा खरखरीत, संथ आवाज. इट वॉज युअर मॅन पुट द प्लेट्स इन हर. स्मॉल डार्क फेला. नेव्हर सेड अ वर्ड. मग काकांचा आवाज: नेम? नेम? आणि जॉन-जो म्हणतो, आह, इट्ल कम टू मी. म्हणजे आठवेल, आठवेल.

मी इथे अकरा वर्षं आहे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हाच मला कळलं होतं. आयर्लंडमध्ये युअर मॅन म्हणजे तुमचा माणूस नव्हे. तो अमका, तो बुवा, एवढाच त्याचा अर्थ. आपण नाही का नाव आठवलं नाही की "आपला तो हा" म्हणतो, आणि तो आपला कोणी लागत नसतो? तसंच. आणि डार्क म्हणजे इथे काळ्या केसांचा. न बोलणारी माणसं तर सगळ्याच कारखान्यांत असतात. या तीन वाक्यांत कुर्डुवाडीच्या बाजूचं काही नव्हतं.

मी म्हणाले, "अरे वा!"

यापुढे मी स्वतःची बाजू मांडणार होते, पण मांडायला लागले की ती लंगडी पडते. एवढंच सांगते की काका त्या दिवशी आमच्या घरात एका वेगळ्याच माणसासारखे वावरत होते. दीड वर्ष ते दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्याच्या देशात, दुसऱ्याच्या भाषेत पाहुणे होते. आता त्यांच्या आधी कोणीतरी इथे येऊन गेलं होतं. त्यांच्यासारखंच मुकं, हातात हातोडी घेतलेलं. आणि त्याने बसवलेल्या पट्ट्यांवर सात इंजिनं धावली होती. हे मी त्यांच्याकडून काढून घ्यायचं? मला वाटलं, राहू दे थोडे दिवस. खरं म्हणजे मला वाईटपणा नको होता. पुढच्या आठवड्यात सांगू, असं मी स्वतःला म्हटलं, आणि असे आठवडे दहा गेले.

त्या दहा आठवड्यांत काका झपाटले होते. ऑर्लाकडे जुन्या हजेरीपटांच्या झेरॉक्सची खोकी होती. काका शनिवारी इंजिन सोडून खोक्यांत बसायला लागले, म्हणजे खोक्यांभोवती उभे राहायला लागले. बोट ठेवून एकेक नाव वाचायचं, कुठे काही आपल्याकडचं वाटतंय का ते बघायचं. आणि मे महिन्यात त्यांना सापडलं. एम. गॉहन.

"गव्हाणे!" त्यांनी मला फोटोच पाठवला, मागोमाग फोन. "गव्हाणे असणार. साहेब लोकांनी गव्हानेचं गॉहन केलं. हिथल्या दवाखान्यानं माझ्या नावाचं काय केलंय बघितलंस न्हवं?"

ते खरंच होतं. दवाखान्याच्या पत्रावर काकांचं आडनाव तीनदा तीन तऱ्हांनी आलं होतं. पुढच्या शनिवारी त्यांनी जॉन-जोला विचारूनही घेतलं: युअर मॅन, गव्हाणे? जॉन-जोला किती ऐकू गेलं देव जाणे. तो म्हणाला, ग्रँड. हे लोक ग्रँड कशालाही म्हणतात. चहा ग्रँड, पाऊस ग्रँड, चालेल म्हणजे ग्रँड, कळलं नाही तरी ग्रँडच. काकांना ते शिक्कामोर्तब वाटलं. रजिस्टरात गव्हाण्यांवर साडेचार पानं झाली. तो आपल्याकडच्या कुठल्याशा लहान लाईनीवर शिकलेला, बोटीने इकडे आलेला, डाळभाताची आठवण काढणारा. हे सगळं काकांनी स्वतःच्या पदरचं घातलं होतं, आणि त्यातला गव्हाणे भारीच कुर्डुवाडीचा होता.

मी ती साडेचार पानं इंग्रजीत आणलीच नाहीत. मी लिहिलं, कारखान्यातल्या एका माणसाने पट्ट्या बसवल्या. बस. मराठीत काकांचा गव्हाणे सुखरूप, इंग्रजीत ऑर्लाच्या लोकांपुढे काकांचं हसं नाही. दोन्हीकडे शांतता. मला त्या युक्तीचा चक्क अभिमान वाटला होता, हेही लिहून टाकते.

जुलैमध्ये मेळाव्याच्या आठवडाभर आधी मी काकांना घेऊन कारने शेडवर गेले. ऑर्लाने इंग्रजी मजकूर वाचला होता. तिने काकांचे दोन्ही हात हातात घेतले, फार सुंदर झालंय म्हणाली. मग म्हणाली, एकच रुखरुख आहे, पट्ट्या बसवणाऱ्याचं नाव काही मिळालं नाही.

काकांना 'नेम' कळलं, 'नो' कळलं. ते हसले. "नो नो. नेम यस. गव्हाणे. गॉहन."

"मायकल गॉहन?" ऑर्ला गोंधळून म्हणाली. तो तर डबे रंगवायचा. तिच्या आजीचा सख्खा चुलता. केस लालभडक, आणि बोलायला लागला की थांबायचा नाही.

काका माझ्याकडे वळले. मला सगळं सांगावं लागलं, तिथेच, इंजिनाशेजारी उभं राहून. युअर मॅन म्हणजे काय, डार्क म्हणजे काय. हॉट प्रेसच्या गोष्टीसारखे काका यालाही हसतील, असं मला वेड्यासारखं वाटत होतं.

"तुला कधी कळलं?"

"ऐकलं तेव्हाच."

"म्हंजी ईस्टरला."

"हो."

"बुक का न्हाई केलंस?"

मी म्हटलं, तुम्हाला वाईट वाटलं असतं. ते माझ्याकडे असं बघत राहिले, जणू मी काही भलतंच बोलले होते. मग एकदम त्यांनी टेबलावरचं रजिस्टर उचललं. "चल. जानोजीकडं. आत्ताच्या आत्ता. तुला नीट इंग्लिश येतंय, तू इचार त्याला, त्या मानसाचं नाव काय हुतं. आठवंल म्हनला हुता तो."

ऑर्लाचा चेहरा बघूनच मला कळलं. जॉन-जो दोन शनिवार आला नव्हता. काका खोक्यांत गुंतले होते, कोणी लक्ष दिलं नव्हतं. त्याला पंधरा दिवसांपूर्वी झटका आला होता. वाचला, पण वाचा गेली.

तरीही आम्ही गेलो. तो खिडकीपाशी चाकाच्या खुर्चीत होता, उजवा हात मांडीवर पडलेला. काकांना ओळखलं. काकांनी रजिस्टरचं कोरं पान काढून त्यावर टाकी काढली, आत पट्ट्या काढल्या, आणि मी त्याच्या कानाशी वाकून हळू, स्पष्ट विचारलं, या कोणी बसवल्या, जॉन-जो? त्या माणसाचं नाव काय होतं?

त्याच्या डोळ्यांत एकदम जाग आली. त्याला माहीत होतं. माझी पक्की खात्री आहे की त्याला त्या क्षणी माहीत होतं. ओठ हलले, गळ्याच्या शिरा ताणल्या, आणि बाहेर आलं ते, "ग्रँड." त्याने मान जोरात हलवली, हे नाही, हे नाही, आणि परत जोर केला. "ग्रँड. ग्रँड." डोळ्यांतून पाणी यायला लागलं. काकांनी त्याच्या हाताखाली पेन्सिल सरकवली होती. डाव्या हाताने एक वाकडी रेघ ओढली गेली, तिचं अक्षर झालं नाही. नर्स म्हणाली, आता पुरे.

काकांनी त्याचा पडलेला हात उचलून आपल्या दोन्ही हातांत धरला. "ऱ्हाऊ दे, जानोजी," म्हणाले. "ऱ्हाऊ दे."

परतताना काका गाडीतही तसेच, पट्टा लावून सीटच्या कडेला, नजर रस्त्यावर. मी दोनदा सॉरी म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणायला गेले तेव्हा त्यांनी हात वर केला.

"तो आपला न्हवता, हे ठीक हाय. मला बरं वाटत हुतं, ते माझं मी बघीन. पन तो कुनाचा तरी हुताच की गं. दहा आठवडं मी गव्हाने शोधत बसलो आन् त्याचं खरं नाव तिथं जानोजीच्या तोंडात बसून हुतं. आता गेलं."

मेळाव्यात त्यांनी मला गव्हाण्यांची साडेचार पानंही इंग्रजी करून वाचायला लावली, चुकीसकट, आणि चूक कशी झाली तेही. लोक हसले, ऑर्ला तर डोळे पुसत हसली, काकाही हसले. चूक लपवल्याचा भाग मी घाईघाईने वाचला. त्या पुस्तिकेची नवी आवृत्ती ऑर्लाने काढली तेव्हा काकांनी एकच अट घातली. 'करण्यात आली' काढायचं. नाव नाही तर जागा सोडायची. तशी ती सोडलेली आहे. 'टाकीतल्या पट्ट्या', मग बोटभर कोरी जागा, मग 'यांनी बसवल्या'. छापखान्याची चूक समजून लोक विचारतात. शेडमध्ये मी असेन तर काय झालं ते मी सांगते, पूर्ण सांगते.

जॉन-जो सप्टेंबरात गेला. ऑक्टोबरात काका कुर्डुवाडीला परतले. घर बंद पडून राहिलंय, म्हणाले. नितीनने फार अडवलं नाही. विमानतळावर त्यांनी मला ते रजिस्टर दिलं आणि खोक्यांचं बघ एवढंच म्हणाले. मी बघते. महिन्यातून दोन शनिवार मी ते हजेरीपट एकेक करून लावते, फिटर वेगळे, रिबिटवाले वेगळे, रंगारी वेगळे. कारखान्यात त्या वर्षांत हातोडी धरणारे एकतीस जण भरतात. त्यातला एक तो आहे. काळ्या केसांचा होता की लाल, हे हजेरीपटात लिहीत नाहीत.

रविवारी फोन व्हायचा. इकडचं तिकडचं, नितीनच्या लेकीचं, कुर्डुवाडीच्या घरातल्या नव्या पायपाचं, मग शेवटी तो प्रश्न. फेब्रुवारीतल्या एका रविवारी त्यांचा आवाज बारीक वाटला. सर्दी आहे म्हणाले.

"सापडलं का गं नाव?"

"नाही काका. तीन खोकी राहिलीत अजून."

"तवाच सांगायचं हुतंस, पोरी," ते म्हणाले. रागावून नाही; रागावले असते तर बरं झालं असतं.

"हो काका," मी म्हटलं. एवढंच बोलणं झालं, आणि पुढच्या रविवारी फोन उचलायला ते नव्हते.